पिनरच्या वकीलबाई

वकीलबाईंना हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, यावर लंडनच्या पिनर उपनगरात दर संक्रांतीला चर्चा व्हायची. न बोलवावं तर वाईट दिसतं, कारण इथल्या निम्म्या मराठी घरांची कागदपत्रं त्यांच्या कपाटात. बोलवावं, तर हातावर तिळगूळ ठेवता ठेवता त्या विचारणार, "काय गं, पॉवर ऑफ अटर्नी करून ठेवलीस का?" समोरची 'गोड गोड बोला' म्हणायला तोंड उघडायची, ते तसंच उघडं राहायचं.

लग्नातही तेच. त्यांच्या आहेराच्या पाकिटात एक कार्ड असायचं आणि त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात मजकूर: "लग्न झालं की आधी केलेलं मृत्युपत्र या देशात आपोआप रद्द होतं. नवीन करायला या. पहिलं माझ्याकडून. नांदा सौख्यभरे." एका नवरीच्या आईनं या कार्डावरून वर्षभर अबोला धरला होता. नवरी मात्र दीड वर्षानं, आठव्या महिन्यात, नवऱ्याला घेऊन जिना चढून आली.

जिना ड्रायक्लीनरच्या दुकानाशेजारून वर जायचा. वर दोन खोल्या, त्यात बाई, मी आणि कपाटं. मी तिथे अकरा वर्षं काम केलं आणि नोकरी कशी लागली ते सांगितलं तर अजूनही कुणाला खरं वाटत नाही.

पुण्याहून एलएलबी करून, लग्न होऊन मी ईलिंगला आले होते. इथे त्या पदवीला कुणी विचारत नव्हतं. सुपरमार्केटमध्ये टिलवर, म्हणजे गल्ल्यावर, बसायचे. कुणीतरी सांगितलं, वकीलबाईंना टायपिंगला माणूस हवंय. मी कोटाला इस्त्री करून, सर्टिफिकेटांची फाइल घेऊन गेले. त्यांनी फाइल उघडलीच नाही.

"तुझं मृत्युपत्र आहे?"

"नाही."

"नवऱ्याचं?"

"नाही. आम्ही अजून…"

"वय काय तुझं?"

"एकतीस."

"मुलं?"

"एक मुलगी. दोन वर्षांची."

"उद्या तुम्ही दोघं मोटरवेवर असताना गाडीला काही झालं, तर परवा सकाळी तिला नर्सरीत कोण सोडणार?"

मला रडूच फुटलं. बाईंनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला, त्यापाठोपाठ कोरा कागद आणि पेन्सिल. "रड. पण लिही. आधी मुलीचा सांभाळ कोण करेल त्याचं नाव." दोन तास मी लिहीत होते. नणंद की मैत्रीण, इथे की पुण्याला, मराठी बोलणारं घर की शाळेजवळचं घर. लिहून झालं तेव्हा डोकं दुखत होतं आणि छातीवरचा एक दगड, जो तिथे आहे हेच मला ठाऊक नव्हतं, तो उतरला होता. बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे. सोमवारी ये."

त्यांच्या ऑफिसात एक शब्द बंद होता, तो म्हणजे 'तर'. क्लायंट म्हणायचे, "माझं काही बरंवाईट झालं तर…" बाई हात वर करून थांबवायच्या. "बरंवाईट नाही. मरण. आणि 'तर' नाही, 'तेव्हा'. पुन्हा म्हणा." मोठमोठे सर्जन, ज्यांनी आयुष्यभर लोकांची पोटं फाडली, ते बाईंसमोर ते वाक्य म्हणताना अडखळायचे. एकदा म्हणून झालं की मात्र बहुतेकांचे खांदे खाली यायचे. मग कामाला सुरुवात.

पहिली भेट ऑफिसात नसायचीच. त्या क्लायंटच्या घरी जायच्या. अंगात नवऱ्याचा घोट्यापर्यंत येणारा रेनकोट, खांद्याला शबनम. चहाआधी घर दाखवा म्हणायच्या. बॉयलर कुठे, पाण्याचा मेन कॉक कुठे, बँकेचे पासवर्ड कुणाला माहीत. "घर कुणाच्या नावावर आहे ते सरकारी कागद सांगतो," त्या मला ट्रेनमध्ये म्हणाल्या होत्या, "पण घर कोण चालवतं, ते कॉक कुठे आहे विचारलं की कळतं." मग त्या क्लायंटला एकट्याला घेऊन बसायच्या. बायको नाही, मुलगा नाही, चहा आणणारी सूनही नाही. दार लावून. यावरून कित्येकांची नाराजी ओढवली, पण त्यांनी नियम मोडला नाही.

"आमची मुलं चांगली आहेत हो, भांडणार नाहीत," असं प्रत्येक घरात कुणीतरी म्हणायचंच. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "मुलं चांगली आहेत, असं कलम कायद्यात नाही."

लोक समजायचे, बाईंच्या आयुष्यात काहीतरी घडलं असणार. तरुणपणी नवरा गेला असेल, कागदपत्रं नसतील, दिरांनी छळलं असेल. मलाही तसंच वाटायचं. एके दिवशी ऑफिसात टोमॅटोची पिशवी घेऊन एक हसतमुख गृहस्थ आले. ते बाईंचे यजमान. निवृत्त भूलतज्ज्ञ, तब्येत ठणठणीत. मी धीर करून बाईंना विचारलं, मग तुम्ही या कामात कशा? त्या म्हणाल्या, "मला पसारा आवडत नाही." बस, एवढंच.

आता पोळ्यांच्या फॅक्टरीबद्दल सांगते. बाई कशा होत्या हे मला त्या प्रकरणातच कळलं.

फॅक्टरीवाले काका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला म्हणून इथे आले होते. काकू हॉस्पिटलातल्या एकट्या राहणाऱ्या मराठी डॉक्टरांना पोळीभाजीचे डबे द्यायच्या. भाजीपेक्षा पोळ्यांना मागणी वाढली. काकांनी नोकरी सोडली, ईलिंगच्या पलीकडे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शेड घेतली, मशीन आणलं. मी त्यांना पाहिलं तेव्हा चाळीस माणसं कामाला होती आणि पोळ्यांची पाकिटं लंडनभर जात होती. मुलगी एक्केचाळीस वर्षांची, चौदा वर्षं फॅक्टरी तीच चालवत होती. धाकटा मुलगा केंब्रिजला संशोधन करायचा. कंपनी मात्र सगळी काकांच्या नावावर. शेअर त्यांचे, डायरेक्टरही ते एकटेच.

"मला भेदभाव करायचा नाही," मृत्युपत्र करायला बसले तेव्हा काका म्हणाले. "सगळं अर्धं अर्धं. घर अर्धं, फॅक्टरी अर्धी."

"फॅक्टरीत पहाटे कोण येतं?" बाईंनी विचारलं.

"मुलगी."

"मुलगा शेवटचा कधी आला होता?"

काकांनी आठवलं. "गेल्या दिवाळीत. फोटो काढायला."

"म्हणजे निम्म्या मालकानं फोटो काढायचे." बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे बघा, सारखं आणि बरोबर, या दोन वेगळ्या फाइली आहेत. मी त्या एकत्र करणार नाही. मुलांना बोलवा."

रविवारी सकाळी, मशीन बंद असताना, फॅक्टरीच्या कँटीनमध्ये सगळे बसलो. बाईंनी आधी मुलाला विचारलं. काय मिळायला हवं ते नको सांगूस, काय हवंय ते सांग.

त्यानं आईवडिलांकडे पाहिलं. त्याचं मराठी घरापुरतं होतं, पण त्यानं मराठीतच सांगितलं. "मला शेअर्स नको. ताई सगळं करते. मी आलो तर मी फक्त प्रश्न विचारणार. ताईचा बॉस मला नाही व्हायचा. मला घर पाहिजे. म्हणजे, आई आहे तोपर्यंत आईचा घर. मग माझा."

बाई मुलीकडे वळल्या. मुलगी म्हणाली, "मला फॅक्टरी पाहिजे. पण बाबा, माझी झाली तर माझी पाहिजे. तुमची, आणि मी फक्त लुक आफ्टर करते, अशी नको."

"म्हणजे विकशील?" काकांचा आवाज चढला.

"मी असं नाही बोलली. मला विकता येईल का, एवढंच विचारते."

काका खुर्ची मागे ढकलून उठले. "मी आहे तोवर नाही आणि मी गेल्यावर वीस वर्षं नाही. वकीलबाई, तसं कलम घाला. ट्रस्ट करा, काय वाटेल ते करा. फॅक्टरी घरातच राहिली पाहिजे." आणि तरातरा बाहेर गेले. मुलगी टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छच होतं.

दुसऱ्या दिवशी काका एकटे ऑफिसात आले. निम्मा हट्ट रात्रीतून वितळला होता. फॅक्टरी मुलीला, घर काकूंना आणि त्यांच्यामागे मुलाला, हे त्यांना पटलं होतं. वीस वर्षांच्या कलमावरून मात्र ते हटेनात.

"वीस वर्षांनी ती निदान एकसष्ट वर्षांची असेल," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिला फॅक्टरी देताय, की फॅक्टरीला ती देताय?"

"तुम्हाला लिहायचंय, की मी दुसरीकडे जाऊ?"

"लिहिते," बाई शांतपणे म्हणाल्या. "मृत्युपत्र तुमचं आहे, माझं नाही."

मला राग आला होता. एवढं बोलायचं आणि शेवटी त्यांच्या मनासारखं करायचं? बाईंनी माझा चेहरा पाहिला असावा, कारण काका गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी त्यांना आरसा दाखवू शकते. भांग त्यांचा त्यांनीच पाडायचा."

मसुदा तयार झाला. काका सहीला येईनात. आधी पितृपक्ष, मग नवरात्र, मग 'दिवाळी होऊ दे'. शेवटी एका दुपारी ते दुसऱ्याच कामासाठी आले, तेव्हा बाई उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मृत्युपत्रावर नंतर सही करा. मरायला वेळ आहे म्हणता, मान्य. पण आजारी पडायला?"

म्हणजे पॉवर ऑफ अटर्नीचे कागद. उद्या काकांना स्वतःचे व्यवहार बघता येईनासे झाले, तर काकू आणि मुलगी, दोघींपैकी कुणीही त्यांच्या वतीनं सही करू शकेल, असे. काकांनी बाईंना दारातून हलवण्यासाठी म्हणून सह्या केल्या. बाईंनी बाकीच्यांच्या सह्या त्याच आठवड्यात फिरून गोळा केल्या, कागद नोंदणीला धाडले आणि नोंद होऊन येईपर्यंत मला रोज विचारत राहिल्या, "आलं का?"

जानेवारीत आलं. फेब्रुवारीत काकांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

कंपनीचा एकुलता एक डायरेक्टर हॉस्पिटलात. शुक्रवारी चाळीस माणसांचे पगार. बँक मुलीला म्हणाली, तुम्ही कोण? चौदा वर्षं फॅक्टरी चालवणाऱ्या मुलीचं नाव कंपनीच्या एकाही कागदावर नव्हतं. सोमवारी सकाळी काकू जिना चढून आल्या. हातात पर्स घट्ट धरलेली.

"मला यातलं काही कळत नाही हो," त्या म्हणाल्या.

बाईंनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. "वहिनी, सोपं आहे. त्यांच्या डायरेक्टरच्या खुर्चीत तुम्हाला बसता येणार नाही. पण शेअर त्यांचे आहेत आणि शेअरवाल्याला नवा डायरेक्टर नेमता येतो. त्यांच्या वतीनं ती सही तुम्ही करायची. कुणाला नेमायचं?"

काकूंनी क्षणाचाही विचार केला नाही. "लेकीला. दुसरं कोण आहे?"

गुरुवारी बँकेनं मानलं. शुक्रवारी पगार झाले. फॅक्टरी एक दिवस बंद पडली नाही. माझ्या ओळखीत दुसरं एक घर होतं, ज्यांनी हे कागद केले नव्हते. ते कोर्टाच्या आदेशाची वाट पाहत महिनोन्‌महिने बसले होते आणि तोवर त्यांच्या दुकानाचं शटर खाली होतं. काकांना चिडवून, दारात उभं राहून घेतलेल्या त्या सह्यांची किंमत मला त्या शुक्रवारी कळली.

पण मृत्युपत्रावर सही नव्हतीच. मे महिन्यात पुनर्वसन केंद्राच्या मुख्य डॉक्टरांनी सांगितलं, काकांना बोलता येत नाही, पण सगळं समजतं. बाईंनी लगेच रेनकोट चढवला.

आम्ही सलग तीन सकाळी गेलो. पहिल्या दिवशी डॉक्टर शेजारी बसले आणि काकांना निर्णय घेता येतो का ते त्यांनी तपासलं, लिहून दिलं. काकूंना वाटलं, आपण तरी थांबावं. बाईंनी त्यांनाही बाहेर बसवलं. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर बाईंनी मोठ्या अक्षरात लिहून आणलं होतं: बायको. मुलगी. मुलगा. दोघं. घर. फॅक्टरी. काका डाव्या हातानं बोट ठेवायचे. बाई कार्डं पिसायच्या आणि तोच प्रश्न उलटा विचारायच्या, म्हणजे नुसती मान हलतेय की खरंच उत्तर आहे, ते कळावं. दोन्ही दिवस उत्तरं तीच आली. फॅक्टरी मुलीला. घर आधी काकूंना, मग मुलाला.

तरीही काका अस्वस्थ होते. कार्डं बाजूला ढकलत होते, काहीतरी शोधत होते आणि आम्हाला ते सापडत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, तशी बाईंनी कार्डं पिशवीत टाकली. "उद्या," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कार्डं आणलीच नाहीत. जुना, सही न झालेला मसुदा आणला, पलंगावरच्या टेबलावर पसरला, आणि काकांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. काका पानांवरून बोट फिरवत गेले. वीस वर्षांच्या कलमापाशी थांबले. पेन्सिल टेकवली आणि रेघ ओढायला लागले.

एका ओळीवर रेघ मारायला किती वेळ लागतो? कलम चार ओळींचं होतं. हात घसरायचा, पेन्सिल पडायची. मी पुढे झाले, तर बाईंनी डोळ्यांनीच मागे सारलं. अर्धा तास तरी गेला असेल. चारही ओळींवर वेड्यावाकड्या चार रेघा उमटल्या.

"हे काढायचं?" बाईंनी विचारलं. मान हलली.

"म्हणजे तिला विकायला मोकळीक?" हो.

"तिनं विकावी, असं म्हणताय?" नाही. मान जोरात हलली, नाही.

"तिची मर्जी."

काकांनी डोळे मिटले आणि उशीवर डोकं टेकवलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

त्यांना काय दिसलं होतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला एवढं माहीत आहे, की मुलगी रोज शिफ्ट संपवून यायची, आणि खोलीत शिरण्याआधी कॉरिडॉरमध्ये थांबून दम्याचा पंप घ्यायची. पीठ श्वासातून जाऊन जाऊन तिला दमा झाला होता, आणि तो तिनं बापापासून लपवला होता. काकांच्या पलंगावरून दाराच्या काचेतून कॉरिडॉर सरळ दिसायचा.

नवा कागद टाइप होऊन आला. डॉक्टरांसमोर काकांनी डाव्या हातानं सही केली. साक्षीदार बाई आणि मी.

काका त्यानंतर दोन वर्षं होते. ते गेल्यावर बाईंनी काकूंना आणि मुलीला ऑफिसात बोलवलं, मृत्युपत्र वाचून दाखवलं. मुलीनं विचारलं, "बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले होते?"

दुसरं कुणी असतं तर काहीतरी गोड सांगितलं असतं. बाई म्हणाल्या, "त्यांना बोलता येत नव्हतं. मी माझ्या मनाचं काही सांगणार नाही." मग त्यांनी कपाटातून तो मसुदा काढला आणि दोघींसमोर ठेवला. मुलगी त्या चार रेघांवर झुकली. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. 

पुढे वर्षभरानं मुलीनं फॅक्टरी विकली. सगळी माणसं कामावर ठेवायची, या अटीवर, आणि त्यासाठी कमी भाव घेऊन. दमा आटोक्यात आला. आता ती छोट्या धंदेवाल्यांना हिशेब आणि कायदेकानू शिकवते, समुद्राजवळ राहते.

पण फॅक्टरी विकली तेव्हा इथल्या मराठी मंडळात बोभाटा झाला. त्या दिवाळीच्या फराळाला हॉल भरलेला होता. मंडळाचे एक जुने डॉक्टर हातात बशी घेऊन बाईंसमोर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वकीलबाई, त्या माणसानं त्या फॅक्टरीत आयुष्य घातलं हो. तुम्ही विकायचं नाही असं एक कलम घातलं असतं, तर आज ती घरात राहिली असती. इतरांना एवढं शिकवता, तुम्हाला तेवढं सुचलं नाही?"

आसपासच्यांनी वळून पाहिलं. काही जणांनी मानाही डोलावल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी टेबलाखालून माझं मनगट पकडलं. क्लायंटनं दार लावून सांगितलेलं बाहेर काढायचं नसतं, मग तो क्लायंट जिवंत असो वा नसो. संक्रांतीला साऱ्या पिनरची तोंडं बंद करणारी ती बाई खाली बघून चिवडा खात राहिली. "चिवडा छान झालाय," एवढंच म्हणाली. डॉक्टर विजयी मुद्रेनं सगळीकडे बघत होते.

मागच्या रांगेतून काकू उठल्या. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना यायला वेळ लागला. त्या येऊन बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि डॉक्टरांकडे मान वर करून म्हणाल्या, "ते कलम होतं. आमच्या ह्यांनीच घातलं होतं आणि ह्यांनीच काढलं. बोलता येत नव्हतं, तर डाव्या हातानं खोडलं. मी त्या रेघा पाहिल्या आहेत. उभ्या संसारात त्यांनी लेकीला इतकं कधी काही दिलं नव्हतं."

 डॉक्टरांनी बशी खाली ठेवली.

बाई पुटपुटल्या, "वहिनी, ते कॉन्फिडेन्शियल होतं."

"तुमच्यासाठी असेल," काकू म्हणाल्या. "माझा नवरा होता तो."